आधी बिदागी

इंदिराबाईंचं एक मत होतं, आणि ते देवावरच्या श्रद्धेइतकंच पक्कं होतं: एक तारखेला पगार होतो, तेच काम. बाकी सगळी नुसती धावपळ.

आणि त्यांनी असं का मानू नये? मोहित्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पगारच आला होता. आजेसासरे गायकवाड सरकारच्या पलटणीत होते. संस्थान गेलं तसे सासरे कलेक्टर कचेरीत चिकटले. यजमान प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात. भोंगा झाला की सायकल काढायची, भोंगा झाला की घरी परत. त्या भोंग्यावर इंदिराबाईंनी कुकर लावला, मुलीची वेणी घातली, अख्खा संसार केला. आता यजमान नव्हते. त्यांच्यामागे पेन्शन होतं, दांडिया बाजारातला दोन खोल्यांचा फ्लॅट होता आणि पूर्वी नावाची मुलगी होती.

पूर्वी एकुलती एक. एम. कॉम. झालेली, डोकं तल्लख, जीभ त्याहून. चार वर्षं एका मोठ्या ऑफिसात टेबल सांभाळलं आणि एक दिवस राजीनामा देऊन घरी आली. म्हणाली, "आई, आता मी माझं काम करणार." तिचं काम म्हणजे काय, तर फरसाणवाले, छापखानेवाले, सायकलवाले, शिवणकाम करणाऱ्या बायका, अशा छोट्या छोट्या लोकांचे हिशेब लिहायचे, त्यांचे टॅक्सचे रिटर्न भरायचे, बँकेत कर्जाला कागद लागले तर ते करून द्यायचे. ना साहेब, ना रजा, ना बोनस. सकाळी स्कूटरवर पायाशी लॅपटॉपची पिशवी ठेवून निघायचं, ते दिवेलागणीला यायचं.

इंदिराबाई गल्लीतल्या विठ्ठलमंदिरात कीर्तनाला पहिल्या रांगेत बसणाऱ्या. बुवा कुठल्याही गावचे येवोत, पूर्वरंग कितीही कोरडा होवो, ह्या शेवटच्या आरतीपर्यंत हलायच्या नाहीत. तिथे एखादी विचारायची, "पूर्वी काय करते हल्ली?" इंदिराबाई "अकाउंटचं बघते" म्हणायच्या आणि टाळ जरा जोरात वाजवायच्या.

अशात त्यांचे धाकटे बंधू प्रतापराव यांनी एक बातमी आणली. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात अकाउंट्स खात्यात जागा होती. प्रतापरावांनी शब्द टाकला होता, जागा जवळजवळ झालीच होती.

"अक्का, संध्याकाळी येतो," ते फोनवर म्हणाले. "हो किंवा नाही एवढं सांग. उद्या सकाळी ते दुसऱ्या कुणाला घेतील. आणि नाही म्हणण्यासारखं त्यात आहे तरी काय? बस न्यायला येते, कँटीनला जेवण, पीएफ. पोरीचं नशीब उघडलं समज."

इंदिराबाईंनी फोन ठेवला आणि देवापुढे आणखी एक फूल वाहिलं. मग मुलीकडे वळल्या.

पूर्वी ब्रेडला लोणी लावत होती. सगळं ऐकून घेतलं तिने.

"ठीक आहे," ती म्हणाली. "तू सांगशील ते."

इंदिराबाई भांडायच्या तयारीने पदर खोचून उभ्या होत्या. त्यांचा पदर खोचलेलाच राहिला. "म्हणजे?"

"म्हणजे तू हो म्हटलंस तर मी जाईन. तू रात्रभर कूस बदलत असतेस ते मला ऐकू येतं, आई. तुला घोर लावून कमावलेला घास मला जात नाही. पण एक अट. रिटर्न भरायची वीस तारीख उलटून गेली आहे, आता घाई नाही. आज दिवसभर माझ्या मागे बस. मी काय करते ते बघ. मग संध्याकाळी मामाला जे सांगायचं ते तू सांग."

"स्कूटरवर? मी?"

"नाही, हत्ती मागवते."

तर अशा रीतीने इंदिराबाई मोहिते, वय पासष्ट, एक हात मुलीच्या खांद्यावर आणि एक हात रामरक्षेच्या भरवशावर, बडोद्याच्या रहदारीत उतरल्या.

पहिला मुक्काम मांडवीजवळ, जशुभाईंच्या फरसाणाच्या दुकानात. इंदिराबाईंच्या मनात चित्र होतं ते असं, की शेठ गल्ल्यावर बसलेले असतील आणि आपली मुलगी पायरीवर बसून "शेठ, बिलं देता का?" म्हणून विनवत असेल. ते चित्र दारातच पुसलं गेलं.

"जशुभाई, परवा गल्ल्यातून पैसे उचललेत?" पूर्वीने चप्पल काढायच्या आधी विचारलं.

जशुभाई भला दांडगा माणूस, पण शाळेत गृहपाठ न केलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला. "थोडाक लीधा, बेन. भाच्याचं लग्न हतुं."

"भाचा दुकानात काम करतो का?"

"ना."

"मग दुकान त्याला आहेर का करतं? आहेर तुम्ही करा. आधी स्वतःच्या नावावर उचल दाखवा, मग हव्या त्या भाच्याला द्या. गल्ला दुकानाचा आहे. दर वेळी असं केलंत तर वर्षअखेरीला मला म्हणाल, पूर्वीबेन, धंद्यात काही राहत नाही."

इंदिराबाईंनी दाराकडे पाहिलं. गिऱ्हाइकाशी असं बोलतात? हा माणूस आता हिला हाकलून देणार. पण जशुभाईंनी गरम पापडीचा कागद इंदिराबाईंच्या हातात दिला आणि म्हणाले, "बा, तमारी दीकरी मला फार ओरडते. घरी पण ओरडते?"

"घरी मी ओरडते," इंदिराबाई म्हणाल्या, आणि म्हटल्यावर त्यांनाच हसू आलं.

"म्हणजे घरचा ओरडण्याचा स्टॉक इकडे खपतो," जशुभाई म्हणाले आणि स्वतःच्या नावावर उचल लिहायला मुकाट्याने पेन शोधू लागले.

बाहेर आल्यावर इंदिराबाई एवढंच बोलल्या, "पापडी चांगली होती." मनातलं मत मात्र अजून जागचं हललं नव्हतं. ओरडायला मिळतं म्हणून काय झालं, एक तारखेला तर हे जशुभाई पगार देणार नाहीत.

तिथून हरणीला. विमानतळाच्या अलीकडे एका सोसायटीत तळमजल्यावर रखमाबाई राहत होती. चाळिशीपुढची बाई, नवरा ड्रायव्हर होता, पाठीच्या दुखण्याने घरी बसला तेव्हापासून ही डबे देते. जाऊ सुनंदा हाताखाली. दहा-बारा डब्यांवर घर चाललं होतं, आणि आता मोठी संधी आली होती. जवळच नोकरदार मुलींचं एक वसतिगृह होतं. तिथल्या सगळ्या मुलींचे दोन्ही वेळचे डबे हवे होते. वसतिगृहाचे व्यवस्थापक हसमुखभाई थोड्याच वेळात भाव ठरवायला येणार होते.

दारातच फोडणीचा वास आला. रखमाबाईने इंदिराबाईंना वाकून नमस्कार केला, पाट दिला, ताक दिलं. "मावशी, तुमच्या पूर्वीताई नसत्या तर मी अजून वहीच्या मागच्या पानावर हिशेब करत असते."

"बरं, सांगा रखमाबाई," पूर्वीने लॅपटॉप उघडला. "एका डब्याला खर्च काय येतो?"

रखमाबाईने घडाघडा सांगितलं. तांदूळ, डाळ, भाजी, तेल, पीठ, गॅस, रिक्षा, डबे धुवायची पावडरसुद्धा. पूर्वी लिहीत गेली. मग मान वर करून म्हणाली, "आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुमचे हात. तुमची पहाट. ते कुठे मांडलं?"

रखमाबाई हसायला लागली. "अहो ताई, घरच्या कामाचे कसले पैसे? मी घरची बाई. तेवढं धरलं तर भाव किती वर जाईल! ते हसमुखभाई दुसरीकडे जातील."

"न धरता दिलंत तर आणखी महिनाभराने तुम्ही अंथरुणावर जाल. मग कुणाला बसवाल स्वयंपाकाला? तिला तर मजुरी द्यावीच लागेल ना? तेव्हा कुठून आणाल?"

"तेव्हाचं तेव्हा."

इंदिराबाईंना राहवलं नाही. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "अगं पूर्वी, अन्न रांधून वाढणं ही सेवा आहे. मुली जेवतील, आशीर्वाद देतील. सेवेला कुणी मजुरी लावतं का?"

"बघा!" रखमाबाईला मोठा आधार मिळाला. "मावशींना कळतं. मोठ्या माणसांना कळतं."

पूर्वी रागावली नाही. तिने लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं आणि आईकडे वळून बसली.

"आई, मंदिरात बुवांच्या बिदागीचं पाकीट कधी बांधतेस?"

"कीर्तनाच्या आधी. का?"

"आधीच का? नंतर का नाही?"

आता हे विचारायला नको होतं, किंवा हेच विचारायला हवं होतं. कारण बिदागीचा विषय निघाला की इंदिराबाईंना बसून बोलता येत नसे. त्या उठून उभ्या राहिल्या, ताकाचं भांडं हातातच.

"का म्हणजे? रखमा, तू ऐक. फार वर्षांमागे आमच्याकडे बिदागी नंतर द्यायचे. कीर्तन रंगलं तर बरी, नाही रंगलं तर नारळ आणि उपरणं. एकदा डभोईकडून एक बुवा आले. म्हातारे. एसटीने आले, पाऊस लागला, घसा बसलेला. बिचाऱ्यांचं उत्तररंगात आख्यान काही उभंच राहिलं नाही. लोक उठून गेले. आरती झाली आणि मंडळींनी त्यांच्या हातावर नुसता नारळ ठेवला. म्हणे, बुवा, आपली ही सेवाच की. मी तिथेच उभी राहिले. म्हटलं, सेवा देवाची, ती बुवांनी केली. पण बुवांच्या घरची चूल? तीही देव येऊन पेटवणार का? गळा त्यांचा, पाय त्यांचे, एसटीत दिवस त्यांचा गेला. भक्ती मोजू नका, तिला भावच नाही. पण कष्टाचं मोल द्यायला हवं, आणि ते आधी बांधून ठेवायला हवं, म्हणजे मग कुणाच्या मनात घासाघीस येत नाही. त्या दिवसापासून आमच्या बायकांनी नेमच केला. देवापुढे समई लागायच्या आधी पाकीट तयार. मग कीर्तन रंगो न रंगो. माणूस फुकट राबवला की सेवा होत नाही, ते..."

त्या थांबल्या. सुनंदा आतून कणकेच्या हातांनी दारात येऊन ऐकत होती. रखमाबाईने हात जोडले होते, जसे कीर्तनात जोडतात. आणि इंदिराबाईंना कळलं की ज्या बाजूने आपण बोलायला उठलो होतो, तिच्या बरोबर उलट बाजूला येऊन उभ्या आहोत.

त्यांनी मुलीकडे पाहिलं. पूर्वी हसत नव्हती. जिंकल्याचा लवलेश तिच्या तोंडावर नव्हता. लहान असताना मांडीवर डोकं ठेवून कीर्तन ऐकायची तेव्हा जशी बघायची, तशी बघत होती.

"काय गं," इंदिराबाई पुटपुटल्या, "झोपायचीस ना तू कीर्तनात?"

"अर्धी," पूर्वी म्हणाली.

रखमाबाईने पदर सावरला. "मग मावशी, माझी बिदागी किती धरू?"

"ते मला काय विचारतेस? ही आहे ना."

"मी नाही सांगणार," पूर्वीने लॅपटॉप पुन्हा उघडला. "दुसऱ्याच्या घरी एवढ्या लोकांचा स्वयंपाक करायला गेलात तर किती मागाल? तेच सांगा. तो आकडा सगळ्यात वर लिहू. डाळ-तांदूळ त्याच्या खाली."

रखमाबाईने आकडा सांगितला, पण इतक्या हळू की तो भिंतीलाही ऐकू गेला नसेल. पूर्वीने लिहिला.

"आणि जाऊबाईंचा?"

"तिचे पण?"

"माझे पण लिहा हो ताई!" सुनंदा आतून ओरडली, आणि सगळं घर हसलं.

हसमुखभाई आले ते घाम पुसत. स्वभावाने वाईट नव्हते, पण भाव करणं त्यांच्या अंगातच होतं. रखमाबाईने पुढे केलेला कागद त्यांनी वाचला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

"आ शुं? घरनुं खावानुं छे, त्यात मजुरी कसली?" ते रखमाबाईकडे न बघता पूर्वीकडे वळले. "बेन, तमे भणेला छो, शिकलेल्या आहात. तुम्ही यांना समजवा."

पूर्वी शांतपणे म्हणाली, "डबा त्यांचा आहे, हसमुखभाई. भाव त्याच सांगतील."

आणि ती गप्प बसली.

इंदिराबाईंच्या जिभेवर शब्दांची रांग लागली होती. बोल ना गं, असं त्यांना ओरडावंसं वाटत होतं. तुला सगळं येतं, तू बोललीस तर हा माणूस एका मिनिटात गार होईल. पण मुलीचा हात त्यांच्या गुडघ्यावर आला आणि तिथेच राहिला. रखमाबाई कागदाकडे बघत होती, मग जमिनीकडे, मग सुनंदाकडे.

"हसमुखभाई," ती शेवटी म्हणाली, "तुमच्या वॉचमनला पगार देता?"

"आपीए ज ने, देतोच की."

"झाडूवाल्या बेनला?"

"हा, एने पण."

"मग पोळ्या लाटणारीने काय पाप केलंय?" आवाज कापत होता, पण थांबला नाही. "भाजी मी स्वतः खंडेराव मार्केटमधून आणते, शिळं पाठवत नाही. एक दिवस चुकले तर त्या दिवसाचे पैसे कापा. पण हा भाव माझ्या हातांचा आहे. ह्यात कमी नाही होणार."

हसमुखभाई फोन करायला बाहेर गेले. इंदिराबाई मनातल्या मनात विठ्ठलाला हाका मारत राहिल्या. ते परत आले तेव्हा म्हणाले, "हमणां बपोरनुं ज. दुपारचे डबे सुरू करा, ह्या भावाने. रात्रीचं पुढे बघू. मालकांना विचारावं लागेल."

"चालेल," रखमाबाई म्हणाली. अर्धंच काम मिळालं होतं. पण हसमुखभाई फाटकाबाहेर पडताच तिने पदर तोंडाला लावला आणि हसत हसत रडली, आणि सुनंदाने कणकेचे हात तसेच तिच्या गळ्यात टाकले.

परतीच्या वाटेवर पूर्वीने सुरसागरच्या काठी स्कूटर थांबवली. दोघींनी चहा घेतला.

"तू का नाही बोललीस?" इंदिराबाईंनी विचारलं. "तुला तर सहज जमलं असतं."

"मी बोलले असते तर पुढच्या वेळी हसमुखभाईंनी मला फोन केला असता, रखमाबाईंना नाही. धंदा त्यांचा आहे, आई."

"आणि तू तिच्याकडून काय घेतेस? की फुकट?"

"फुकट?" पूर्वी हसली. "दर महिन्याला घेते. थोडे, पण घेते. फुकट केलं असतं तर मला प्रश्न विचारायला त्या लाजल्या असत्या. आणि मी तुझ्यापुढे कुठल्या तोंडाने बसले असते?"

इंदिराबाईंनी चहा संपवला. आपण ह्या मुलीला टाळ शिकवला, आरत्या शिकवल्या, त्या हिने कधीच सोडल्या. पण जे शिकवतोय हे आपल्यालाच माहीत नव्हतं, ते हिने घेतलं आणि गावभर वाटत फिरते. छातीत काहीतरी भरून आलं. ते दुःख नव्हतं, एवढं त्यांना नक्की कळलं.

संध्याकाळी प्रतापराव आले ते पेढ्यांचा पुडा घेऊनच.

"होकार धरूनच चाललोय, अक्का," ते खुर्चीत टेकत म्हणाले. "बस मंगळबाजारच्या नाक्यावर येईल. भाचीबाई, आता दुकानदारांच्या पायऱ्या झिजवणं बंद."

पूर्वी आईकडे बघत होती. बोलत काहीच नव्हती. दिलेला शब्द तिने पाळला होता.

"त्या पायऱ्या मी आज बघितल्या, प्रताप," इंदिराबाई म्हणाल्या. "त्यांना सांग, मुलीला सवड नाही."

प्रतापरावांचा पेढा तोंडापाशी थांबला. "म्हणजे? अक्का, पगार! एक तारखेला!"

"हिलाही मिळतात पैसे. बाविसला मिळतात, पंचविसला मिळतात, कधी कुणाचे पुढच्या महिन्यात. मला त्याची भीती वाटते, नाही असं नाही."

"उद्या आजारी पडली तर?"

"तर मी आहे. माझ्याकडे पेन्शन आहे, तिच्याकडे डोकं आहे. अरे, आज एका बाईने माझ्यासमोर आपल्या कष्टाची किंमत तोंडाने सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा. का सांगू शकली? कारण हिने तिला ती आधी लिहायला लावली. तुझ्या कारखान्यात बसून हिने ते कुणासाठी केलं असतं? कारखान्याला हिशेबनीस पुष्कळ मिळतील. रखमाबाईला कुठून मिळणार?"

"कोण रखमाबाई?"

"डबे करते. चांगले करते. तुझ्या घरी कधी पाहुणे आले तर मागव, आणि भाव करू नकोस."

लहानपणापासून ह्या बाईने एकदा ठरवलं की काय होतं ते प्रतापरावांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी पेढा खाऊन टाकला. "मग मी त्यांना काय कारण सांगू?"

"सांगितलं ना. सवड नाही. माझ्या मुलीचं स्वतःचं काम आहे."

ते गेल्यावर इंदिराबाई आत आल्या, तेव्हा पूर्वी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी होती. दिवसभर जशुभाईंना धाकात ठेवणारी, हसमुखभाईंपुढे गप्प राहू शकणारी मुलगी, तिचे हात थंडगार होते.

"आई, तू नाही म्हणालीस."

"हो."

"मला वाटलं होतं, तू हो म्हणशील आणि मग मला तुझ्यावर चिडता येईल." ती हसायचा प्रयत्न करत होती. "आता सगळं माझ्यावरच आलं. मला भीती वाटतेय."

"वाटू दे," इंदिराबाई म्हणाल्या आणि तिचे हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरून चोळू लागल्या. "मलाही वाटते. उद्या कुठे जायचंय?"

"छापखान्यात. मग प्रतापनगरला."

"किती वाजता निघायचं?"

"तू कशाला विचारतेस?"

"म्हणजे काय? मागे बसायचं तर मला तयारी नको करायला?"